भाषण जाऊ दे, इतिवृत्तात काय आलं ते सांग

पेपरच्या आतल्या पानावर, टेंडर नोटिसा आणि नाव बदलल्याच्या जाहिराती यांच्या मधे कुठेतरी ती असते, एखाद्या प्रकल्पाच्या जनसुनावणीची जाहिरात. "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की" अशी सुरुवात, बारीक टाइप, खाली प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कुठल्यातरी अधिकाऱ्याचं पदनाम. एरवी कोणी ढुंकून बघणार नाही. पण कोणीतरी बघतो, फोटो काढतो, गावच्या ग्रुपवर टाकतो आणि मग दोन दिवस नुसता कल्ला. "सगळ्यांनी जायलाच पाहिजे." "जाऊन काय उपयोग, वरून सेटिंग झालेलंय." "सरळ बहिष्कार टाका." "गाडीचं काय, कोण देणार?" मधेच एका काकांचं शुभ सकाळचं गुलाबाचं फूल. तिसऱ्या दिवशी परत क्रिकेट.

मी वकील नाही, चळवळीतली पण नाही. नोकरी करते, माहेर कोकणातलं, आणि कोकणात माहेर म्हणजे दर दोन-चार वर्षांनी कुठलातरी प्रोजेक्ट दारात उभा राहतोच, कधी खाण, कधी वीज, कधी बंदर. त्यामुळे जनसुनावण्या बघितल्यात, नंतर त्यांचे कागदही वाचलेत (हा माझा विचित्र छंद आहे असं नवऱ्याचं म्हणणं), आणि माझं एक मत आता पक्कं झालंय. आपण त्या दिवशी मांडवात काय बोललो याला फारशी किंमत नसते. इतिवृत्तात काय उतरलं आणि त्याच्यासमोर कंपनीने काय उत्तर लिहून दिलं, याला असते.

आधी थोडं बॅकग्राउंड, पटकन. पर्यावरण परिणाम मूल्यांकन, म्हणजे ज्याला सगळे ईआयएच म्हणतात, ते आपल्याकडे कायद्याने बंधनकारक झालं १९९४ च्या नोटिफिकेशनने, त्यात जनसुनावणी सक्तीची झाली १९९७ च्या दुरुस्तीने, आणि आता जे चालतं ते १४ सप्टेंबर २००६ च्या नोटिफिकेशनप्रमाणे. क्रम असा की कंपनी अर्ज करते, तज्ज्ञ समिती सांगते की कशाकशाचा अभ्यास करा, कंपनी कन्सल्टंट नेमून ड्राफ्ट रिपोर्ट बनवते, मग तो लोकांसमोर येतो, लोकांचे मुद्दे घेऊन फायनल रिपोर्ट होतो, तो परत समितीकडे जातो, समिती शिफारस करते आणि मग ईसी म्हणजे पर्यावरण मंजुरी. आता यात कन्सल्टंटचे पैसे कोण देतं? कंपनी. ज्याला मंजुरी पाहिजे तोच स्वतःच्या परीक्षेचा पेपर लिहवून आणतो. यावर अजून काही बोलायची गरज नाही.

तर लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की ही सुनावणी म्हणजे मतदान आहे. हजार लोक गेले, सगळ्यांनी हात वर करून नाही म्हटलं की प्रोजेक्ट रद्द. तसं काही नसतं हो. नोटिफिकेशनमध्ये सरळ लिहिलंय की सुनावणी सुरू करायला कोरम लागत नाही. म्हणजे तुम्ही पाच हजार आलात काय आणि पाच आलात काय, सुनावणी "झाली". ज्यांना निर्णय घ्यायचा ते लोक त्या मांडवात नसतातच. मोठ्या प्रोजेक्टची समिती दिल्लीत बसते, त्याच्याखालच्यांची मुंबईत, आणि बहुतेक वेळा त्यांच्यापुढे गाव येतं ते कागदातून. टाळ्या त्या कागदात येत नाहीत. घोषणा येतात त्या पण "उपस्थितांनी प्रकल्पास विरोध दर्शविला" अशा एका ओळीत.

(मतदानाचा एक प्रकार आपल्याकडे झाला होता, तोही सांगते. सप्टेंबर २००८ मध्ये महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, रायगडमधल्या २२ गावांत जनमत घेतलं होतं, मतपत्रिका वगैरे छापून. पण ते जमिनीवरून, वेगळ्या लढ्यातून आलेलं, ईआयएच्या नियमात तसलं काही बसत नाही.)

मग कागदात काय यावं लागतं? यासाठी आधी रिपोर्ट कसे असतात ते बघा. माझा सगळ्यात आवडता किस्सा रत्नागिरी जिल्ह्यातलाच आहे. साधारण २००६-०७ च्या सुमाराची गोष्ट, एका बॉक्साइट खाणीचा ईआयए आला, आणि तो वाचताना पर्यावरणावर काम करणाऱ्यांच्या लक्षात आलं की यातले भागच्या भाग रशियातल्या एका बॉक्साइट खाणीच्या रिपोर्टमधून उचललेत. झाडं कुठली, तर स्प्रूस आणि बर्च! रत्नागिरीत! आंबा, काजू, किंजळ, ऐन सोडून बर्फाळ प्रदेशातली झाडं. हसू येतं, पण विचार करा, हा रिपोर्ट कोणी वाचलाच नसता तर? फाइल पुढे गेली असती आणि कुठेतरी कोणीतरी स्प्रूसच्या जंगलावर होणारा परिणाम "नगण्य" म्हणून सही केली असती.

दुसरं उदाहरण माधव गाडगीळांच्या पश्चिम घाट समितीच्या २०११ च्या रिपोर्टमधलं. गोव्यात केपे तालुक्यात कावरे गाव आहे, तिथे वेळीप लोक ज्या डोंगराला देव मानतात त्यावरच्या खाणीचा ईआयए म्हणतो की लीजच्या हद्दीत पाण्याचा प्रवाहच नाही. समितीची माणसं डोंगरावर गेली तर तिथे बारमाही झरे. गावातल्या शेंबड्या पोराला माहीत असणारी गोष्ट, ती छापील रिपोर्टमध्ये नाही, आणि म्हणून सरकारी दृष्टीने ती नाहीच.

हे असं का होतं याचं एक साधं कारण आहे, सगळीच काही लबाडी नसते. बेसलाइन डेटा, म्हणजे प्रोजेक्ट यायच्या आधी तिथे काय आहे याची माहिती, बऱ्याच वेळा एकाच सीझनचा घेतात, आणि तोही पावसाळा सोडून. आता कोकणात पावसाळा सोडून अभ्यास करायचा म्हणजे काय राहिलं? आमचे सडे, म्हणजे कातळाची पठारं, एप्रिलमध्ये बघाल तर काळा कातळ, करपलेलं गवत, बाहेरचा माणूस म्हणणारच की पडीक जमीन आहे. तोच सडा ऑगस्टमध्ये बघा, पाणी धरून बसलेला, फुलांनी भरलेला, आणि त्याच पाण्यावर खालच्या वाडीच्या विहिरी मार्च-एप्रिलपर्यंत टिकतात. बारसूच्या सड्यावर तर कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातल्या ज्या जागा गेल्या त्यात बारसू आहे. कागदावर मात्र पडीक.

आता प्रत्यक्ष सुनावणी. एका खाणीची सुनावणी सांगते, गाव-कंपनी काही लिहीत नाही. मोठा मांडव, कूलर, पाण्याच्या बाटल्या, मागे वडापावची सोय. आम्ही पोचलो तर पुढच्या रांगा आधीच भरलेल्या, सगळी तरुण मुलं, बसने आणलेली, त्यातली अर्धी तालुक्यातली पण नव्हती. स्टेजवर अपर जिल्हाधिकारी, प्रदूषण मंडळाचे अधिकारी. कंपनीच्या माणसाने सुरुवात केली, इंग्रजी स्लाइड्स, मराठी बोलणं पण ते असं की "वायू गुणवत्तेचे पॅरामीटर विहित मर्यादेत राहतील". मग मुलं उठून एकेक करून बोलली, "आम्हाला रोजगार पाहिजे, प्रकल्पाला पाठिंबा आहे", सगळ्यांचं वाक्य सेम. मला त्यांचा राग नाही आला खरं तर, कारण रोजगार पाहिजे हे खोटं नव्हतं, पोरं मुंबईला जाऊन बारा-बारा हजारावर राबतात ते आम्हाला काय माहीत नाही?

मग वाडीतल्या एक वहिनी उठल्या. आयुष्यात माइक हातात धरला नसेल, पण काय बोलल्या! "आमची बाव मार्चपर्यंत पुरते. तुम्ही वर सुरुंग लावणार. बावीचं पाणी गेलं तर तुम्ही आम्हाला टँकर किती वर्षं देणार, ते आज इथे लिहून द्या." मांडव दणाणला. स्टेजवरचे साहेब पण मान हलवत होते. मला वाटलं, झालं, आता याच्यापुढे काय बोलणार कंपनी.

नंतर इतिवृत्त हातात आलं तेव्हा त्यात वहिनींचं बोलणं असं होतं: "ग्रामस्थांनी पाण्याच्या उपलब्धतेबाबत चिंता व्यक्त केली." समोरच्या रकान्यात कंपनीचं उत्तर: "पावसाचे पाणी साठविण्याची योजना राबविण्यात येईल." संपलं. सुरुंग गेले, टँकर गेला, लिहून द्या पण गेलं.

आणि त्याच इतिवृत्तात खाली एक मुद्दा होता जो असा गुळगुळीत करता आला नव्हता. तो आमच्या गावच्या रिटायर्ड गुरुजींचा. गुरुजी मांडवात जेमतेम मिनिटभर बोलले, आवाजही पोचला नसेल मागे. पण त्यांनी फुलस्केपवर लिहून आणलं होतं की रिपोर्टच्या अमुक पानावर सगळ्यात जवळची विहीर इतक्या अंतरावर दाखवलीय, प्रत्यक्षात अमुक सर्व्हे नंबरात विहीर आहे, तिचं अंतर इतकं, सोबत सातबारा, सोबत मार्च आणि मे मधले विहिरीचे फोटो, आणि मागणी काय तर भूजलाचा अभ्यास परत करावा. दोन प्रती. एक दिली, दुसरीवर आवकचा शिक्का मारून घेतला. समितीपुढे फाइल गेली तेव्हा नेमका तोच मुद्दा अडकला, भूजलाचा वेगळा अभ्यास मागितला आणि फाइल परत आली. पुढे मंजुरी मिळालीच, खोटं कशाला बोलू, पण सुरुंगाच्या अंतराची आणि विहिरींच्या पाणीपातळीच्या मोजणीची अट लागून मिळाली.

वहिनींचं बोलणं जास्त खरं होतं, पण टिकला तो गुरुजींचा कागद. हे बरोबर आहे का? अजिबात नाही. ज्या व्यवस्थेत बाईला आपल्या विहिरीबद्दल सर्व्हे नंबर आणि पान क्रमांकासकट बोलावं लागतं ती व्यवस्था लोकांचं ऐकण्यासाठी केलेली नाहीच. पण आहे ती अशी आहे. म्हणून माझं म्हणणं असं की वहिनींना बोलू द्या आणि त्यांच्या शेजारी एक कागदवाला बसवा.

कोर्टात पण असंच दिसतं. दिल्ली हायकोर्टाचा नोव्हेंबर २००९ चा उत्कर्ष मंडळ निकाल आहे, दक्षिण गोव्यातल्या एका खाणीवरून. त्यात कोर्टाने म्हटलं की लोकांच्या हरकती समितीने नुसत्या "विचारात घेतल्या" म्हणून चालणार नाही, कुठली हरकत का मान्य केली, का नाही केली, याची कारणं दिसली पाहिजेत. त्याच केसमध्ये हेही पुढे आलं की खाणींच्या समितीचे अध्यक्ष स्वतः खाण कंपन्यांवर डायरेक्टर होते! आता बोला.

मग गोव्यातलं मोपा. २९ मार्च २०१९ ला सुप्रीम कोर्टाने मोपा विमानतळाची पर्यावरण मंजुरी थांबवली, कारण अर्जात आजूबाजूच्या संवेदनशील भागाबद्दल, झाडांबद्दल जी माहिती द्यायला पाहिजे होती ती दिली नव्हती आणि समितीनेही नीट बघितलं नव्हतं. लोकांशी सल्लामसलत ही नुसती औपचारिकता नाही हेही त्या निकालात स्पष्ट आहे. पुढे काय झालं? समितीने परत बघितलं, अटी वाढवल्या आणि जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली. आज आमच्या सिंधुदुर्गातले नातेवाईक मोपावरूनच विमान पकडतात. त्यामुळे कोर्टात जिंकलो म्हणजे प्रोजेक्ट गेला असं समजून पेढे वाटू नका.

छत्तीसगडमधल्या रायगडचं (आपलं नव्हे) प्रकरण त्याहून वाईट. जानेवारी २००८ मध्ये खमरिया गावात कोळसा खाणीची सुनावणी झाली, लाठीमार झाला, आणि एप्रिल २०१२ मध्ये हरित लवादाने ती सुनावणी म्हणजे थट्टा आहे असं म्हणून मंजुरीच रद्द केली. यात चार वर्षं गेली हेही लक्षात घ्या.

आता बहिष्काराकडे येते कारण ग्रुपवर सगळ्यात जास्त भांडण यावरच होतं. मला बहिष्काराची भावना कळते. जैतापूर अणुवीज प्रकल्पाची सुनावणी मे २०१० मध्ये माडबनला झाली, लोक ओरडून सांगत होते की मराठी रिपोर्ट वेळेत हातात आला नाही, आम्ही वाचायचं कधी आणि बोलायचं काय. नोव्हेंबर २०१० ला ३५ अटी घालून मंजुरी आली, अणुभट्ट्या फ्रान्सच्या, आणि डिसेंबरमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष भारतात यायचे होते. हे बघितलेल्या माणसाला तुम्ही कुठल्या तोंडाने सांगणार की सुनावणीला जा, लोकशाही आहे? पण २००६ च्या नोटिफिकेशनमध्ये एक कलम आहे ते बहुतेकांना माहीत नसतं. स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने बोलता येईल अशी सुनावणी घेणं शक्य नाही असा रिपोर्ट गेला, तर सुनावणीशिवायच पुढे जायचा निर्णय घेता येतो. म्हणजे तुम्ही सुनावणी उधळलीत, खुर्च्या फेकल्यात, तर समोरच्याचं काम सोपं होऊ शकतं. आणि शांतपणे कोणी गेलंच नाही तर कोरम नाहीच, इतिवृत्तात "कोणतीही हरकत प्राप्त झाली नाही". बहिष्कार टाकायचाच असेल तर मग लेखी टाका, म्हणजे रिपोर्ट वेळेत मिळाला नाही, ही जागा लांब आहे, या कारणासाठी आम्ही ही सुनावणी मानत नाही असं पत्र, त्यावर शिक्का, आणि त्याच्यासोबत हरकती पण द्याच.

जागेचा मुद्दा तर असा आहे की त्यावर वेगळं लिहायला पाहिजे. नियम म्हणतो सुनावणी प्रोजेक्टच्या जागी किंवा अगदी जवळ घ्या. वाढवण बंदर डहाणू तालुक्यात, सुनावणी झाली १९ जानेवारी २०२४ ला पालघरला. ज्या मच्छीमारांचा समुद्र जाणार, जवळजवळ १,४४८ हेक्टर भराव पडणार, त्यांनी दिवसाची बोट सोडून, खाडा करून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचं. गेले ते, "एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द" म्हणत गेले. आणि मंजुरी कधी आली? १६ फेब्रुवारी २०२४. महिना पण नाही! या एवढ्या दिवसांत लोकांचे सगळे मुद्दे घेऊन, अभ्यास सुधारून, फायनल रिपोर्ट करून, समितीने तो वाचून, चर्चा करून मंजुरी दिली असं आपण समजायचं. याच बंदराचा आधीचा प्रस्ताव १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने, न्यायमूर्ती धर्माधिकारी अध्यक्ष असताना, नाकारला होता. तेच प्राधिकरण, २०२३ मध्ये ना हरकत. असो.

गडचिरोलीचं तर विचारूच नका. सुरजागडच्या लोहखाणीच्या विस्ताराची सुनावणी ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली ती गडचिरोली शहरात. एटापल्ली तालुक्यातल्या डोंगरापासून तिथपर्यंत यायचं म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि त्या रस्त्यांवर एसटी किती वेळा धावते हे तिकडच्या माणसाला विचारा.

याच्या उलट गोव्यातलं वास्को. मुरगाव बंदरात मोठी जहाजं आणायला खोदकामाची मंजुरी सुनावणीशिवाय दिली होती, ती हरित लवादाने २०१६ मध्ये रद्द केली. मग २०१७ च्या एप्रिलअखेरीला बंदराच्या तीन प्रोजेक्टच्या सुनावण्या लागल्या, आणि लोकांनी काय केलं, तर बोलतच राहिले. एक दिवस नाही, दिवसामागून दिवस, मे उजाडला तरी चालूच. मच्छीमार, डॉक्टर, शाळेतल्या बाई, पाद्री, पंच, कोकणी, मराठी, इंग्रजी, ज्याला जी भाषा येते त्यात, घरातल्या भिंतींवर बसणाऱ्या कोळशाच्या काळ्या धुळीपासून मुलांच्या खोकल्यापर्यंत सगळं. नियमात कुठेही लिहिलेलं नाही की सुनावणी जेवणाआधी संपलीच पाहिजे. हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारायची संधी द्यायची असं मात्र लिहिलंय. वास्कोवाल्यांनी तेवढंच धरून ठेवलं. मला ही सगळ्यात भारी आयडिया वाटते, राग पण निघतो आणि कागद पण भरतो.

भाषेबद्दल एक गोष्ट. नियमाप्रमाणे स्थानिक भाषेत द्यायचा असतो तो फक्त सारांश. मूळ रिपोर्ट इंग्रजीत, शेकडो पानं, परिशिष्टं धरून कधी हजाराच्या वर. गावाला मिळतात ती वीस-पंचवीस पानं, आणि त्यातलं मराठी असं की वाचून माणूस इंग्रजीच बरं म्हणेल. खरी माल-मसाल्याची पानं, विहिरींची यादी, वाऱ्याची दिशा, ट्रकच्या फेऱ्या, ती इंग्रजीतच राहतात. २०२० मध्ये सरकारने नवीन ईआयए नोटिफिकेशनचा मसुदा आणला, ऐन लॉकडाऊनमध्ये, त्यात सुनावणीच्या नोटिशीची मुदत ३० दिवसांवरून २० वर आणायचं घाटत होतं. दिल्ली हायकोर्टाने ३० जून २०२० ला हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांत भाषांतरित करायला सांगितला. सरकार भाषांतर करायच्या ऐवजी सुप्रीम कोर्टात गेलं. लाखांनी ईमेल गेल्या, मी पण एक केली होती, आणि तो मसुदा आजपर्यंत अंतिम झालेला नाही. पण एक मसुदा अडवला म्हणून काय झालं, छोटे छोटे आदेश निघतच असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये ऑफिस मेमोरँडम, म्हणजे मंत्रालयाचं परिपत्रक, निघालं की अणुऊर्जेची, क्रिटिकल आणि स्ट्रॅटेजिक खनिजं काढणाऱ्या खाणींना लोकांशी सल्लामसलतच नको. याची कुठल्या गावच्या ग्रुपवर पोस्ट फिरली नाही, कारण याची जाहिरात पेपरात बारीक टाइपातही येत नाही.

बरं, जाहिरात आलीच तर काय करायचं, आमच्याकडे आता जे करतो ते सांगते. जाहिरात आल्यापासून सुनावणीपर्यंत किमान ३० दिवस असतात, पहिल्या आठवड्यातच ड्राफ्ट रिपोर्टची प्रत गाठायची, जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, ग्रामपंचायत अशा ठिकाणी ती ठेवायची असते, ठेवलेली नसेल तर त्याच दिवशी तसं पत्र द्यायचं, कारण ही तक्रार सुनावणीनंतर केली तर कोणी विचारत नाही. मग पानं वाटून घ्यायची. कॉलेजातली मुलं इंग्रजी वाचतात, म्हातारी माणसं सांगतात की हा ओढा इथे नाही, तिकडे आहे. भूजल, झाडं, रस्ता, मासे, प्रत्येकाचं एक पान. सुनावणीच्या दिवशी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरी पळायचं नाही. शेवटी इतिवृत्ताचा सारांश तिथेच मराठीतून वाचून दाखवायचा असतो आणि त्यावर त्याच दिवशी सही व्हायची असते, लोक तोपर्यंत थकून, भुकेने, एसटी चुकेल म्हणून निघून गेलेले असतात. दहा माणसांनी तरी थांबायचं, आणि वाचताना मुद्दा गाळला गेला तर उठून सांगायचं की साहेब, सुरुंगाचं राहिलं. पूर्ण कार्यक्रमाचं व्हिडिओ शूटिंग करणं पण बंधनकारक आहे, ती कॉपी मागून ठेवायची. आणि नंतर ते इतिवृत्त पंचायतीत लावायचं असतं, ते वाचून त्यावर थेट मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाला पत्र पाठवता येतं, हे तर कोणालाच माहीत नसतं.

मंजुरी आल्यावर हरित लवादात जायला ३० दिवस असतात, फार तर आणखी ६० दिवसांची सवलत मिळू शकते, त्याच्यापुढे दार बंद. आपल्याला पुण्याचं खंडपीठ. आमच्या तालुक्यात एका प्रकरणात मंजुरीची बातमीच लोकांना इतकी उशिरा कळली की वकिलाने फाइल बघून परत दिली. परिवेश या मंजुऱ्यांच्या सरकारी पोर्टलवर अधूनमधून बघत राहायला एक माणूस नेमावा लागतो, नेमावाच.

आणि मंजुरीनंतर पण कागद येत राहतात. अटी पाळल्या की नाही याचा रिपोर्ट कंपनीने दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो, १ जून आणि १ डिसेंबर. तो कोणीही वाचू शकतो, फक्त वाचत कोणी नाही. आमचे गुरुजी वाचतात. मागच्या खेपेला त्यांनी मला त्या खाणीच्या रिपोर्टमधलं एक पान पाठवलं, हरित पट्ट्याची अट, समोर "पूर्तता केली", आणि पुराव्याला फोटो. फोटोत छान डवरलेली काजूची झाडं, मागे चिऱ्याचा गडगा. गडगा गुरुजींनी लगेच ओळखला, त्यांच्या चुलत भावाच्या बागेचा आहे, खाणीपासून बराच लांब, आणि ती झाडं खाण यायच्या आधीपासूनची. आता त्या बागेचा सर्व्हे नंबर आणि सातबारा जोडून पत्र गेलंय, एक प्रत प्रदूषण मंडळाला, एक मंत्रालयाच्या नागपूरच्या प्रादेशिक ऑफिसला. दोन्हींवर आवकचा शिक्का आहे.